बरणीतली उभी रेघ

औषधवाल्याने परत पाठवलेली बरणी थोरल्याने जेवणाच्या टेबलाच्या मधोमध ठेवली, झाकण काढून शेजारी उलटं मांडलं आणि कुणी तोंड उघडायच्या आत खिशातली चिठ्ठी काढून वाचायला घेतली.

"'बरण्या मलमाला उत्तम आहेत, झाकणंही घट्ट बसतात. पण या बाईंच्या हातच्या वाटत नाहीत. पंचवीस वर्षं त्यांचाच माल घेतोय म्हणून विचारतो. त्यांची तब्येत बरी आहे ना?'"

"बघ," धाकटा म्हणाला, "तो बिचारा तब्येत विचारतोय आणि तू कोर्ट भरवलंस."

"तू मध्ये बोलू नकोस. ताई, तू आत हात घालून बघ."

ताई सकाळच्या बसने आली होती. थोरल्याने फोनवर फक्त "एकटी ये, आणि आईला आधी कळवू नकोस" एवढंच सांगितलं होतं. त्यामुळे वाटभर तिने नाही नाही ते मनात आणलं होतं, आणि आता समोर नुसती एक बरणी बघून तिला हायसंही वाटत होतं, रागही येत होता. तिने बाही मागे सारून बरणीत हात घातला.

"गुळगुळीत आहे."

"तेच म्हणतोय मी. आईच्या बरणीत बोट फिरवलं तर काय लागतं?"

ताईला सांगायला नको होतं. या घरातल्या तिन्ही पोरांनी लहानपणी आईच्या बरण्यांमध्ये हात घालून तो खेळ केला होता. चाकावर माती वर ओढताना आईची बोटं आतून एकावर एक कड्या उमटवत. अगदी तळाशी एक छोटी भोवरी असे, तिथे तिचं मधलं बोट टेकलेलं असायचं. डोळे मिटूनही सांगता यायचं, ही आईची.

"कड्या नाहीत," ताई हळूच म्हणाली.

"कड्या नाहीत, भोवरी नाही. आणि ही उभी रेघ बघ. वरून खालपर्यंत. साच्याची रेघ आहे ती. साच्यात ओतलेला माल आहे हा, आणि बुडाला शिक्का आईचा!"

हे बोलताना थोरल्याने टेबलाच्या दुसऱ्या टोकाला बसलेल्या धाकटीकडे, धाकट्याच्या बायकोकडे, पाहिलं नाही. पण पाहायचं टाळलं हे सगळ्यांना दिसलं.

भट्टी थोरल्याची. वडील गेल्यापासून माती मळण्यापासून माल भाजेपर्यंत सगळं त्याच्या हातून जाई, त्यामुळे हा बदल चार महिन्यांपूर्वी पहिल्यांदा त्यालाच दिसला होता. तेव्हा तो गप्प बसला. दुसऱ्या खेपेलाही गप्प बसला. पण गप्प बसलेल्या माणसाचे कान मोठे होतात. त्याच सुमारास आईने मागच्या खोलीला कुलूप लावायला सुरुवात केली होती. पुढच्या कारखान्यातलं आपलं चाक तिने लावणंच सोडलं होतं. "मागे उजेड बरा आहे," एवढंच ती म्हणाली. मागच्या खोलीला अरुंद गल्लीकडे एक दार आणि एकच खिडकी! तिथे कसला उजेड?

आणि त्या खोलीत जायची मुभा होती ती फक्त धाकटीला. दिवसातून दोनदा ती गरम पाण्याची किटली घेऊन आत जायची आणि कोपरापर्यंत मातीने भरून बाहेर यायची. लग्नाआधी ती फरशीच्या कारखान्यात कामाला होती, आणि तिथे सगळं काम साच्यांचं. मागच्या महिन्यात थोरल्याने तिच्या स्कूटरवर प्लास्टरचं पोतं पाहिलं. प्लास्टर कशाला लागतं हे कुंभाराला कुणी शिकवायला नको. वर दोनदा त्याने आतून पुरुषाचा आवाज ऐकला होता. दार वाजवलं की लगेच रेडिओ सुरू.

त्याने दोन अधिक दोन केले. फरशीच्या कारखान्यातला कुणीतरी जुना ओळखीचा, धाकटी आणि साचे. वडिलांच्या वेळेपासूनचं नाव वापरून आपलं दुकान थाटायचं, आणि म्हातारीला खोलीत बसवून नुसते शिक्के मारायला लावायचे.

"मी सरळच विचारते," ताई धाकटीकडे वळली. "या बरण्या कोण करतं?"

धाकटीने पदराशी चाळा केला नाही, की खाली मान घातली नाही. "ते मी सांगू शकत नाही, ताई."

"सांगू शकत नाही म्हणजे?"

"आईंना शब्द दिलाय."

"आणि मागच्या खोलीत येतो तो माणूस?" थोरल्याने विचारलं.

"तेही नाही सांगू शकत, दादा."

आतापर्यंत खुर्ची मागे झुकवून मजा बघत असलेल्या धाकट्याने खुर्ची सरळ केली. "कोण माणूस?"

धाकटीने हात लांबवून उलटं झाकण सुलटं केलं.

"अगं, मी तुझा नवरा आहे. कोण माणूस येतो?"

"तुम्हाला सांगितलं असतं तर संध्याकाळपर्यंत दादांना कळलं असतं. तुमच्या पोटात काही राहतं का?"

एरवी या वाक्यावर धाकटाच पहिला हसला असता. आता तो उठून ताईच्या बाजूला जाऊन बसला. टेबलाच्या त्या अंगाला धाकटी एकटी राहिली. थोरल्याला बरं वाटायला हवं होतं. पण ती इतकी शांत होती की त्याला उगाच आपलंच काहीतरी राहून गेल्यासारखं वाटलं.

तेवढ्यात आई आली. दोन्ही हात स्वेटरच्या खिशात. गेले कित्येक दिवस ती अशीच वावरत होती, आणि थंडी संपून महिना होत आला तरी त्याचं कुणाला काही वाटलं नव्हतं. तिने आधी बरणी पाहिली, मग ताईला पाहिलं.

"तू कधी आलीस?"

"सकाळी."

"आणि मला आत्ता कळतंय." आईने खुर्ची पायाने ओढली. "म्हणजे आधी तुमचं सगळं बोलून झालंय. आता निकाल सांगा."

थोरल्याने चिठ्ठी तिच्यापुढे सरकवली. तिने ती हातात न घेता टेबलावर वाकून वाचली.

"माझं एवढंच म्हणणं आहे," तो म्हणाला, "तू आम्हाला एक बरणी करून दाखव. आमच्यासमोर. तुझ्या चाकावर. मग मी कुणावर संशय घेणार नाही आणि औषधवाल्याला काय लिहायचं ते लिहीन."

"चाकावर?"

"चाकावर."

धाकटी उठायला गेली. "आई, नका..."

"बस तू." आई उठली. "चला."

पुढच्या कारखान्यात चाकावर प्लास्टिकचा कागद टाकलेला होता. कागदावर धूळ. थोरल्याने तो काढला, सकाळीच मळून ठेवलेल्या मातीचा गोळा आणून ठेवला, बादलीत पाणी भरलं. आई बसली. तिने खिशातून हात बाहेर काढले आणि ताईच्या तोंडून "अगं बाई" निघून गेलं.

दोन्ही अंगठ्यांचे सांधे मुळाशी सुजून वर आले होते. उजव्या हाताची मधली दोन बोटं अर्धी मिटलेली होती, आणि उघडू म्हटलं तरी पुरती उघडत नव्हती.

"संधिवात आहे," आई म्हणाली. "आता ते राहू दे. चाक लाव."

मोटर घुरघुरली. आईने गोळा चाकावर थापला, हात ओले केले आणि मातीला घातले. गोळा मधोमध आणायचा म्हणजे दोन्ही तळवे आणि अंगठे लोखंडासारखे स्थिर हवेत. गोळ्याने तिचे हात डावीकडे ढकलले, उजवीकडे ढकलले. तिने कोपरं मांड्यांवर रोवली. गोळा क्षणभर शांत झाल्यासारखा वाटला, पण अंगठा आत दाबताच तिच्या तोंडून बारीक आवाज आला आणि माती एका अंगाला फाकली. तिने पुन्हा गोळा केला. पुन्हा तेच.

"पुरे, आई," ताई म्हणाली.

"ह्याला बघू दे."

तिसऱ्या वेळी ओल्या मातीचा निम्मा गोळा सुटून थोरल्याच्या बुटाजवळ पडला. आईने पायाने चाक बंद केलं. कपाळावरचा घाम तिने दंडाने पुसला.

आपण म्हणत होतो ते खरं ठरलं, हे थोरल्याला कळत होतं. तरी तो वाकून बुटाजवळची माती गोळा करू लागला. पण तोंडातून निघालं ते आधी ठरवून ठेवलेलंच.

"म्हणजे त्या बरण्या तू केलेल्या नाहीस."

"मी चाकावर केलेल्या नाहीत, असं म्हण."

ती उठली आणि मागच्या खोलीकडे निघाली. गळ्यातल्या दोरीला किल्ली होती. ती तिने काढून धाकटीच्या हातात दिली.

"किल्ली फिरवायला चिमटीत जोर लागतो," मागे वळून न बघता ती म्हणाली. "चार महिने ही माझं कुलूप उघडतेय आणि लावतेय. त्यालाही चोरी म्हणत असशील तर म्हण."

खोली थोरल्याच्या ओळखीची राहिली नव्हती. मधोमध कमरेएवढ्या उंचीचं टेबल होतं, उभं राहून काम करता यावं असं. भिंतीला टांगलेल्या सगळ्या हत्यारांच्या मुठींवर सायकलची ट्यूब गुंडाळून त्या मनगटाएवढ्या जाड केलेल्या. माती कापायच्या तारेला दोन्हीकडे झाडूच्या दांड्याचे वीतभर तुकडे. फळीवर वर्तमानपत्र गुंडाळलेले लाकडी ओंडके, लहानमोठे. आणि खालच्या फळीवर प्लास्टरच्या पांढऱ्या वाट्या.

"हे बघा!" थोरल्याला जरा बळ आलं. "साचे!"

"झाकणांचे आहेत," आई म्हणाली. "झाकणाला नाजूक बोट लागतं, ते माझ्याकडे राहिलं नाही. वाटीत माती दाबली की काम होतं. बरणीचा साचा शोध. सापडला तर मला दाखव."

तो शोधू लागला असता, पण आईने कामाला सुरुवात केली होती. गरम पाण्याच्या परातीत तिने हात बुडवले आणि मनातल्या मनात काहीतरी मोजल्यासारखी थांबली. धाकटीने ओल्या फडक्यातली माती काढून टेबलावर ठेवली. तिनेच पाणी घालून पुन्हा मळलेली, लोण्यासारखी मऊ. आईने लाटणं घेतलं, पण बोटांनी धरलं नाही. दोन्ही हातांचे कोपरापर्यंतचे भाग त्यावर टेकवून अंगाच्या भाराने पुढे-मागे झाली. माती पसरत गेली. दोन्ही कडांना लाकडी पट्ट्या ठेवल्या होत्या, त्यामुळे जाडी सगळीकडे सारखी. झाडूच्या दांड्याची तार ओढून तिने लांबट चौकोन कापला, वर्तमानपत्र गुंडाळलेल्या ओंडक्याभोवती तो गुंडाळला, दोन्ही कडा तिरप्या कापून, खरवडून, पातळ चिखल लावून एकीवर एक चढवल्या. मग जाड मुठीची लाकडी थापटणी घेतली. थप, थप, थप. हाच आवाज थोरल्याने दाराबाहेरून इतके दिवस ऐकला होता.

"रेघ ही अशी येते," ती म्हणाली. "बाहेरून थापून जाते. आतून थोडी उरते. मी उरू देते. आणि तू म्हणे भट्टीवाला! दोन भागांचा साचा असला तर रेघा दोन येतात, समोरासमोर. एक रेघ बघून तुला साचा दिसला कसा?"

थोरल्याचे कान लाल झाले. खरंच, एवढं साधं. चार महिने रोज ती रेघ बघत होता आणि दुसरी शोधायचं त्याच्या डोक्यातही आलं नाही.

ओंडका बाहेर काढून, तळ चिकटवून तिने बरणी हाताने फिरणाऱ्या छोट्या चाकावर ठेवली. लाकडी पळी आतून लावून, चाक हळूहळू फिरवत ती पोट बाहेर काढू लागली. आणि त्या सरळ नळकांड्याला थोरल्याच्या डोळ्यांदेखत आईच्या बरणीचे खांदे आले. ते खांदे त्याने हजार वेळा भट्टीत रचले होते. ते दुसऱ्या कुणाला येत नव्हते. वडिलांनाही आले नव्हते.

"आई," धाकटा कोपऱ्यातून म्हणाला, "हे शिकलीस कुठे?"

आई उत्तर देणार इतक्यात गल्लीकडच्या दारावर टकटक झाली. तीन वेळा.

धाकटीने हातातलं फडकं खाली टाकलं. "आज येऊ नका म्हणून निरोप द्यायचा राहिला."

थोरला दोन ढांगांत दाराशी पोचला. आता तरी तो फरशीवाला समोरासमोर सापडणार होता. त्याने कडी काढली आणि दार उघडलं.

दारात काका उभे होते. काखेत वर्तमानपत्रांचा गठ्ठा.

सहा वर्षांपूर्वी काका या घरातून गेले ते पुन्हा आले नव्हते. वडिलांच्या बरोबरीने तीस वर्षं ते पुढच्या चाकावर बसले होते. मग त्यांच्या हातून माल वाकडा निघू लागला. एका सकाळी दोन कामगारांसमोर थोरला म्हणाला होता, "काका, आता तुम्ही उठा. हात राहिला नाही तुमचा." तेव्हा त्यात त्याला काही वावगं वाटलं नव्हतं. कुणीतरी कधीतरी बोलायलाच हवं होतं.

"वहिनी," काका त्याच्या खांद्यावरून आत बघत म्हणाले, "मी नंतर येतो."

"आत या, भाऊजी."

"म्हणजे तुम्ही," थोरला दारातून हलला नाही. इतका वेळ पायाखालची जमीन सरकत होती, आता त्याला ती पुन्हा सापडली. "म्हणजे हे सगळं तुमचं आहे. सहा वर्षांनी मागच्या दाराने येऊन सूड उगवताय? तुमच्या हातचा माल, तिचा शिक्का!"

काकांनी गठ्ठा खाली ठेवला आणि दोन्ही हात त्याच्या तोंडापुढे धरले. बोटं सगळीच्या सगळी करंगळीच्या दिशेला वळलेली होती, वाऱ्याने झोपलेल्या गवतासारखी.

"या हातांचा माल?" ते म्हणाले. "मला शर्टाची बटणं लावता येत नाहीत. सून लावते."

थोरला दारातून बाजूला झाला.

"तू उठवलंस ना, त्यानंतर महिनाभर मी नुसता बसून होतो. मग स्वयंपाकघरातलं लाटणं घेतलं. माती लाटली, फाटली, पुन्हा लाटली. तीन वर्षं गेली त्यात. कुठे कोपर लावायचं, कुठे अंगाचा भार द्यायचा, हत्याराची मूठ केवढी हवी. विकायला काही केलं नाही. वहिनींचे हात आखडलेत हे कळलं तेव्हा वाटलं, माझं फुकट गेलेलं त्यांच्या तरी कामी येईल."

"तुम्हाला कसं कळलं?" ताईने विचारलं.

"माझ्याकडून," धाकटी म्हणाली. "त्यांच्या हातून किटली पडली त्या दिवशी मीच काकांकडे गेले."

"आम्ही मेलो होतो का?" थोरला म्हणाला. तो आईकडे वळला. "आई, तू मला का नाही सांगितलंस? मी तुझा कोण आहे?"

आईने पळी खाली ठेवली.

"सांगत होते. तीन वेळा म्हटलं, माती जरा मऊ मळ, मला पेलत नाही. काय म्हणालास? मऊ माती खाली बसते, बाबा अशीच घट्ट मळायचे. एकदा तरी विचारलंस, का पेलत नाही?"

"पण म्हणून कुलूप?"

"मग काय करायचं? तुला हात दाखवले असते तर तू चांगलाच वागला असतास. खुर्ची आणली असतीस, डॉक्टर आणला असतास. आणि एका सकाळी अगदी प्रेमाने म्हणाला असतास, आई, आता उठ." ती काकांकडे वळली. "त्या दिवशी मी तिथेच होते, भाऊजी. झाकणं करत होते. मान वर केली नाही मी. माझा हात चांगला होता ना, मला काय पडलं होतं!"

काकांनी गठ्ठा उचलून फळीवर ठेवला. ताई हळूच टेबलाच्या त्या बाजूला, धाकटीच्या शेजारी जाऊन उभी राहिली. धाकटाही गेला. बायकोच्या दंडाला लागलेली माती तो नखाने खरवडू लागला, तिने त्याचा हात झटकला, त्याने पुन्हा लावला. दाराशी थोरला एकटा उरला.

"औषधवाल्याला काय लिहू?" त्याने विचारलं.

"तू काही लिहू नकोस. तब्येत माझी विचारलीय त्याने. मी लिहीन. म्हणजे मी सांगेन आणि ही लिहील."

चहा झाला. काका थांबले नाहीत. थोरला त्यांच्या मागोमाग गल्लीत गेला.

"काका, माझं चुकलं."

"चुकलं," काका म्हणाले, आणि पुढे काही जोडतील म्हणून तो उभा राहिला, पण त्यांना जोडायचं नव्हतं. चार पावलं गेल्यावर ते थांबले. "मी मंगळवारी येईन. दार तू उघडू नकोस. तिला उघडू दे. मला सवय व्हायला वेळ लागेल."

मंगळवारी थोरला पहाटेच उठला. भट्टी लावायची नव्हती. त्याने मातीचा ढीग घेतला, एरवीपेक्षा दीडपट पाणी घातलं आणि मळायला बसला. हाताला ही माती अनोळखी लागत होती. बाबा असते तर ओरडले असते. नऊ वाजेपर्यंत मळली, ओल्या फडक्यात बांधली आणि मागच्या खोलीच्या दाराशी उभा राहिला. आत थापटणीचा आवाज होता, काकांचा आवाज होता, आणि आई कशाला तरी हसत होती.

आपल्याच घरातलं दार त्याने कधी असं विचारून वाजवलं नव्हतं. त्याने वाजवलं. आतलं सगळं बंद झालं. क्षणभराने रेडिओ सुरू झाला.

"कोण?" आईने विचारलं.

"मी."

"काय काम आहे?"

"माती आणलीय. मऊ केलीय."

रेडिओ बंद झाला. मग धाकटीने दार वीतभर उघडलं, गाठोडं आत घेतलं आणि दार पुन्हा ओढून घेतलं. तो बाहेर उभा राहिला. आत ओलं फडकं सुटल्याचा आवाज झाला, मग काका काहीतरी पुटपुटले.

दार उघडलं. गाठोडं परत आलं.

"आई म्हणतात, अजून मऊ हवी," धाकटी म्हणाली. "आणि गुठळ्या आहेत."

"बरं," थोरला म्हणाला, आणि गाठोडं घेऊन पुन्हा मळायला गेला.